गुच्ची : एका फॅशन घराण्याची घसरण आणि सर्जनशील संचालकाची कसोटी

इटलीतील सुप्रसिद्ध फॅशन घराणे गुच्ची याने ६ फेब्रुवारी २०२५ रोजी आपले सर्जनशील संचालक साबातो दे सार्नो यांच्याशी असलेले संबंध संपुष्टात आणले. दे सार्नो यांची कारकीर्द जेमतेम दोन वर्षांची ठरली. मिलान येथील सादरीकरणाला तीन आठवडेही उरले नसताना हा निर्णय जाहीर झाल्याने त्या हंगामातील वस्त्रसंग्रह घराण्याच्या अंतर्गत रचनाकार चमूला सादर करावा लागला.

सर्जनशील संचालक, म्हणजेच क्रिएटिव्ह डायरेक्टर, हे पद केवळ पोशाखांची रेखाटने करणाऱ्याचे नसते. वस्त्रे, हातपिशव्या, पादत्राणे, जाहिराती, दुकानांची मांडणी अशा सर्वच बाबींवर त्या व्यक्तीच्या अभिरुचीची छाप असते. त्यामुळे या पदावरील बदलाचा परिणाम थेट विक्रीवर होतो.

गुच्चीओ गुच्ची यांनी १९२१ मध्ये फ्लोरेन्स येथे चामड्याच्या वस्तूंचे दुकान सुरू केले. पुढे कौटुंबिक कलहामुळे हा व्यवसाय अडचणीत आला आणि १९९३ मध्ये गुच्ची कुटुंबाचा मालकीहक्क संपला. १९९४ मध्ये सर्जनशील संचालक झालेले अमेरिकी रचनाकार टॉम फोर्ड यांनी या नावाला नवी झळाळी दिली. १९९९ मध्ये एका फ्रेंच उद्योगसमूहाने गुच्चीमध्ये मोठा हिस्सा घेतला. आज केरिंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या समूहाच्या उलाढालीचा सर्वांत मोठा आधार गुच्चीच राहिला आहे.

जानेवारी २०१५ मध्ये अलेस्सांद्रो मिकेले यांच्याकडे सूत्रे आली. ते अनेक वर्षे याच घराण्यात काम करीत होते. मात्र बाहेरच्या जगाला त्यांचे नाव फारसे परिचित नव्हते. भडक रंग, भरघोस नक्षी, जुन्या काळच्या पोशाखांची आठवण करून देणारी रचना आणि स्त्री-पुरुष वेशभूषेतील भेद पुसून टाकणारी शैली ही त्यांची वैशिष्ट्ये होती. तरुण ग्राहकांनी, विशेषतः चीनमधील ग्राहकांनी, ही शैली उचलून धरली. २०१४ मध्ये सुमारे ३.५ अब्ज युरो असलेली गुच्चीची उलाढाल २०२२ मध्ये जवळजवळ १०.५ अब्ज युरोंवर पोहोचली.

परंतु या यशातच पुढील अडचणींचे बीज होते. ठळक आणि सहज ओळखू येणाऱ्या शैलीचा ग्राहकांना कंटाळाही तितक्याच लवकर येतो. महामारीनंतर स्पर्धक घराण्यांनी ज्या वेगाने उभारी घेतली, तो वेग गुच्चीला गाठता आला नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये मिकेले पायउतार झाले. जानेवारी २०२३ मध्ये दे सार्नो यांची निवड झाली. प्रादा, डोल्चे अँड गब्बाना आणि व्हॅलेंटिनो या घराण्यांमध्ये त्यांनी काम केले होते.

सप्टेंबर २०२३ मध्ये मिलान येथे त्यांचा पहिला वस्त्रसंग्रह सादर झाला. साधी, नेटकी रचना आणि गडद तांबडा रंग ही त्याची ओळख होती. क्षणिक लाटेवर अवलंबून न राहता दीर्घकाळ टिकणाऱ्या वस्तू विकाव्यात, असे व्यवस्थापनाचे धोरण होते. मात्र मिकेले यांच्या शैलीवर लुब्ध झालेला ग्राहक दूर गेला आणि शांत, संयत अभिरुचीचा धनिक ग्राहक त्या प्रमाणात मिळाला नाही.

या धोरणाची झळ कर्मचाऱ्यांनाही बसली. रोम येथील रचना विभागातील बहुसंख्य कर्मचाऱ्यांना मिलानला हलविण्याच्या निर्णयाविरुद्ध नोव्हेंबर २०२३ मध्ये संप झाला. मागणी घटल्याने टस्कनी प्रांतातील चर्मवस्तूंच्या लहान कार्यशाळांपुढेही कामाची टंचाई उभी राहिली.

२०२३ मध्ये गुच्चीची उलाढाल ९.९ अब्ज युरोंच्या आसपास होती. २०२४ मध्ये ती २३ टक्क्यांनी घटून सुमारे ७.७ अब्ज युरोंवर आली आणि कार्यकारी नफा निम्म्याने कमी झाला. केरिंग समूहाचा निव्वळ नफा त्या वर्षी ६२ टक्क्यांनी घसरला. व्हॅलेंटिनोमधील ३० टक्के हिस्सा, क्रीड ही सुगंधी द्रव्यांची कंपनी आणि मोक्याच्या जागांवरील इमारती यांच्या खरेदीमुळे समूहावर कर्जाचा भारही वाढलेला होता.

या घसरणीचा सगळा दोष एकट्या दे सार्नो यांच्या माथी मारणे योग्य ठरणार नाही. चीनमधील मालमत्ता बाजाराच्या मंदीमुळे तेथील मध्यमवर्गाने चैनीच्या वस्तूंवरील खर्च आखडता घेतला होता. त्यांचे पहिले पोशाख दुकानांत पोहोचेपर्यंत २०२४ साल उजाडले होते. घसरण मात्र त्यापूर्वीच सुरू झाली होती. तथापि त्याच वर्षी हर्मेस आणि प्रादा यांची विक्री वाढली. त्यामुळे केवळ बाजारातील मंदीकडे बोट दाखविणेही पुरेसे नाही.

भारतीय बाजारपेठेकडेही या काळात गुच्चीचे लक्ष होते. मे २०२३ मध्ये अभिनेत्री आलिया भट्ट यांची जागतिक सदिच्छादूत म्हणून निवड करण्यात आली. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या.

मार्च २०२५ मध्ये बालेन्सियागाचे रचनाकार देम्ना यांचे नाव दे सार्नो यांच्या जागी जाहीर झाले. दुसऱ्याच दिवशी केरिंगच्या समभागांचे मूल्य दहा टक्क्यांहून अधिक घसरले. २०२५ च्या पहिल्या सहामाहीत गुच्चीची विक्री आणखी २६ टक्क्यांनी कमी झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मोटार उद्योगातून आलेले लुका दे मेओ यांनी केरिंगच्या मुख्य कार्यकारी अधिकारीपदाची सूत्रे हाती घेतली आणि गुच्चीचे प्रमुखपद फ्रांचेस्का बेल्लेत्तिनी यांच्याकडे सोपविण्यात आले.

नव्या रचनाकाराची दृष्टी वस्त्रांत उतरण्यास, ती दुकानांत पोहोचण्यास आणि ग्राहकाच्या मनात रुजण्यास वेळ लागतो. समभागधारकांना मात्र दर तिमाहीला हिशेब हवा असतो. दे सार्नो यांची दोन वर्षे या दोन कालमानांच्या ओढाताणीतच सरली. त्यांच्या जागी येणाऱ्या प्रत्येकाला हीच ओढाताण वारशाने मिळते.