औषधाच्या चाचणीत स्वयंसेवक व्हायचंय? संमतिपत्रावर सही करण्याआधी हे माहीत असू द्या

२६ ऑगस्ट २०२० रोजी पुण्यातल्या भारती रुग्णालयात कोव्हिशील्ड लशीच्या भारतातल्या चाचणीला सुरुवात झाली. त्या दिवशी लस टोचून घेणारे लोक आजारी नव्हते. लस सुरक्षित आहे का, शरीर तिला कसा प्रतिसाद देतं, हे तपासण्यासाठी ते स्वतःहून पुढे आले होते. त्या चाचणीत १,६०० जण सहभागी झाले. पुढे कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यात ही संख्या २५,८०० वर गेली.

बाजारात येणाऱ्या प्रत्येक नव्या औषधामागे असे स्वयंसेवक असतात. मात्र 'निरोगी तरुण हवेत, राहण्या-जेवणाची सोय, चांगलं मानधन' अशा मजकुराचे मेसेजही सोशल मीडियावर फिरत असतात. त्यातला कोणता खरा आणि कोणता खोटा? चाचणीत भाग घेणं किती सुरक्षित असतं? काही बरंवाईट झालं तर जबाबदारी कोणाची?

क्लिनिकल ट्रायल म्हणजे काय?

नवं औषध, लस किंवा उपचारपद्धती माणसांवर तपासण्याच्या शास्त्रीय पद्धतीला क्लिनिकल ट्रायल म्हणतात. त्याआधी प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर अभ्यास झालेला असतो.

पहिल्या टप्प्यात मोजक्या लोकांवर औषधाची सुरक्षितता पाहिली जाते. हे बहुतेक वेळा निरोगी स्वयंसेवक असतात. कर्करोगासारख्या आजारांवरच्या तीव्र औषधांसाठी मात्र रुग्णांनाच घेतलं जातं. दुसऱ्या टप्प्यात औषधाचा गुण आणि योग्य मात्रा तपासतात. तिसऱ्या टप्प्यात शेकडो किंवा हजारो लोक असतात. चौथा टप्पा औषध बाजारात आल्यानंतरचा.

याशिवाय जेनेरिक औषधांसाठी आणखी एक अभ्यास होतो. मूळ औषधाइतकंच जेनेरिक औषधही रक्तात उतरतं का, हे निरोगी लोकांना दोन्ही औषधं वेगवेगळ्या वेळी देऊन पाहतात. त्यासाठी केंद्रात मुक्काम करावा लागतो आणि ठरावीक वेळाने रक्त द्यावं लागतं. मानधनाच्या जाहिराती बऱ्याचदा याच प्रकारच्या अभ्यासाच्या असतात.

प्रत्येकाला खरं औषध मिळतं का?

नाही. अनेक चाचण्यांमध्ये सहभागींचे दोन गट केले जातात. एका गटाला नवं औषध देतात. दुसऱ्याला आधीपासून वापरात असलेलं औषध किंवा प्लासिबो, म्हणजे औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं काहीतरी देतात. कोण कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं, आणि पुष्कळदा डॉक्टरांनाही ते माहीत नसतं. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यात निम्म्या लोकांना प्लासिबो दिलं गेलं होतं. त्यामुळे 'नवा उपचार फुकटात मिळतोय' एवढ्याच समजुतीवर सही करणं चुकीचं ठरतं. चाचणीचा पहिला उद्देश माहिती मिळवणं हा असतो, त्या व्यक्तीवर उपचार करणं हा नाही.

धोका किती असतो?

बहुतेक सहभागींना ताप, अंगदुखी, मळमळ असे किरकोळ त्रास होतात. पण धोका शून्य कधीच नसतो. मार्च २००६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात 'टीजीएन१४१२' या औषधाची माणसांवरची पहिलीच चाचणी सुरू होती. आठ निरोगी तरुणांपैकी दोघांना प्लासिबो आणि सहा जणांना औषध दिलं गेलं. काही तासांतच त्या सहाही जणांची प्रकृती गंभीर झाली आणि अनेक अवयवांवर परिणाम झाला. सगळे वाचले, पण त्यांना अतिदक्षता विभागात राहावं लागलं.

सहा जणांना थोड्याथोड्या मिनिटांच्या अंतराने औषध देणं ही या प्रकरणातली मोठी चूक मानली गेली. आता माणसांवरच्या पहिल्या चाचणीत आधी एकालाच मात्रा देऊन वाट पाहण्याची पद्धत रूढ झाली आहे.

संमती इतकी महत्त्वाची का?

मुंबईत १८९६ मध्ये प्लेगची साथ पसरली. ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या प्रयोगशाळेत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या, तयारी दाखवणाऱ्या कैद्यांना ती देण्यात आली. लस उपयोगी ठरली. पण तुरुंगातल्या माणसाचा होकार खरोखर मोकळेपणाने दिलेला असतो का, हा प्रश्न आज नक्की विचारला जाईल. सध्याच्या नियमांत कैदी, अत्यवस्थ रुग्ण, बेरोजगार आणि गरीब व्यक्ती, वैद्यकीय विद्यार्थी, वरिष्ठांच्या हाताखाली काम करणारे कर्मचारी यांना वेगळं संरक्षण आहे. दबावामुळे किंवा गरजेपोटी ते 'हो' म्हणू शकतात, हे त्यामागचं कारण.

दुसरं उदाहरण अलीकडचं. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात १० ते १४ वर्षांच्या मुलींना एचपीव्ही लस देण्याचा अभ्यास सुरू झाला. काही मुलींच्या मृत्यूनंतर २०१० मध्ये तो थांबवण्यात आला. मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही आणि ही लस आज जगभर वापरली जाते. पण चौकशीत दुसरीच गोष्ट उघड झाली. अनेक मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. संसदीय समितीने २०१३ च्या अहवालात यावर कडक ताशेरे ओढले.

त्याच सुमारास इंदूरमधल्या चाचण्यांवरून एका संघटनेने केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयात सुनावणी सुरू होती. या सगळ्यानंतर नियम कडक होत गेले आणि २०१९ मध्ये 'नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम' लागू झाले.

स्वयंसेवकाचे हक्क कोणते?

चाचणीची माहिती त्याला समजणाऱ्या भाषेत मिळाली पाहिजे. वाचता येत नसेल, तर चाचणीशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर ती वाचून दाखवावी लागते. सही केलेल्या संमतिपत्राची प्रत आणि माहितीपत्रक त्याच्या हातात दिलं पाहिजे.

कोणत्याही टप्प्यावर, कारण न सांगता बाहेर पडता येतं. त्यामुळे त्या रुग्णालयातले नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत.

चाचणीदरम्यान इजा झाली, तर गरज असेपर्यंत किंवा इजेचा चाचणीशी संबंध नाही हे सिद्ध होईपर्यंत मोफत उपचार द्यावे लागतात. गंभीर घटना घडल्यास ती हाताळणाऱ्या डॉक्टरने २४ तासांत केंद्रीय औषध नियंत्रक, प्रायोजक कंपनी आणि एथिक्स कमिटीला कळवणं बंधनकारक आहे.

चाचणीमुळे मृत्यू झाला तर भरपाईचं सूत्र ठरलेलं आहे. मूळ रक्कम ८ लाख रुपये असते. वय आणि आधीच्या आजाराचा धोका पाहून ती कमी-जास्त होते. निरोगी स्वयंसेवकाचं वय ६५ किंवा त्याहून अधिक असेल तर ३२ लाख रुपये होतात, वय कमी असेल तर त्याहून जास्त.

एथिक्स कमिटी काय करते?

तिच्या परवानगीशिवाय चाचणी सुरू होऊ शकत नाही. तिच्यात किमान सात सदस्य असतात. त्यांत एक कायदेतज्ज्ञ, एक महिला आणि एक सर्वसामान्य नागरिक असावाच लागतो. निम्मे सदस्य आणि अध्यक्ष त्या संस्थेबाहेरचे असतात. संमतिपत्राचा मजकूर आणि मानधन हीच समिती तपासते. तक्रार असेल तर स्वयंसेवक थेट तिच्याकडे जाऊ शकतो.

पैसे मिळतात का?

प्रवासखर्च, बुडालेली मजुरी आणि दिलेल्या वेळेचा मोबदला देता येतो. मात्र केवळ पैशांसाठी माणूस धोका पत्करेल इतकी ती रक्कम मोठी नसावी, असं इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. पैशांसाठी एकामागोमाग एक अभ्यासांत भाग घेणं किंवा आधीचा सहभाग लपवणं धोक्याचं आहे. आधीचं औषध शरीरात शिल्लक असेल तर दोन्हींचा एकत्र परिणाम काय होईल, हे कोणीच सांगू शकत नाही.

चाचणी खरी आहे हे कसं ओळखायचं?

भारतात औषध नियंत्रकांच्या परवानगीने होणाऱ्या क्लिनिकल ट्रायलची नोंद 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया' या सरकारी संकेतस्थळावर असावी लागते. १५ जून २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे. तिथे आजाराचं किंवा औषधाचं नाव टाकून कोणीही शोधू शकतं. चाचणी कोणत्या रुग्णालयांत आहे, प्रमुख डॉक्टर कोण, एथिक्स कमिटीची मंजुरी मिळाली का, कोणाला सहभागी होता येतं, हे सगळं तिथे दिसतं. नोंदणीसाठी स्वयंसेवकाकडूनच पैसे मागणारा किंवा नोंदणी क्रमांक द्यायला टाळाटाळ करणारा एजंट असेल, तर तिथेच थांबावं.

सही करण्याआधी विचारायचे प्रश्न

- हे औषध याआधी माणसांना दिलं गेलं आहे का? काय त्रास दिसले?
- प्लासिबो मिळण्याची शक्यता किती?
- चाचणीत भाग घेतला नाही तर दुसरे कोणते उपचार उपलब्ध आहेत?
- किती वेळा यावं लागेल, किती रक्त घेतलं जाईल, पाठपुरावा किती काळ चालेल?
- रात्री-अपरात्री त्रास झाला तर कोणत्या क्रमांकावर फोन करायचा?
- चाचणी संपल्यावर औषध गुणकारी ठरलं तर ते पुढे मिळेल का?

संमतिपत्र घरी नेऊन वाचता येतं. घरच्यांशी आणि नेहमीच्या डॉक्टरांशी बोलायला वेळ मागता येतो. आणि सगळं समजून घेतल्यावर 'नाही' म्हणायचं ठरलं, तर तेवढंही पुरेसं आहे. त्याचं कारण कोणालाही द्यावं लागत नाही.