ठसा आणि आकडा

नाण्याच्या धातूइतकेच त्याच्या ठशामागे कोण उभे आहे हेही महत्त्वाचे असते, हे माळव्याला फार पूर्वी कळले होते. संस्थाने अनेक, नाणी अनेक. त्यामुळे सराफ नाणे आधी पारखून घेई आणि बट्टा कापूनच मोड देई. १८७६ च्या कायद्याने संस्थानिकांना एक वाट मिळाली. स्वतःची टांकसाळ बंद ठेवायची आणि सरकारी टांकसाळीतून ठरल्या वजनाची नाणी पाडून घ्यायची. मग ती इंग्रजी मुलखातही चालत. मोजक्याच संस्थानांनी ही वाट धरली. त्यांत आपले धार (१८८७) आणि देवास (१८८८) होते. तांब्याच्या नाण्यावर एकीकडे राणी व्हिक्टोरिया, दुसरीकडे संस्थानाचे नाव. देवासच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची नाणी वेगळी, पण दोन्हींच्या वजनाची हमी एकच.

पुढे वीज आली, ती आधी राजवाड्यांत. इंग्रजी कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव यांच्याकडे खासगी सचिव होते. बागा, मोटारी आणि अतिथिगृह यांच्याबरोबर संस्थानचे वीजघरही त्यांच्याकडे सोपवलेले होते! आज वीज घरोघरी आहे, आणि तिच्या सामानावरही नाण्यासारखाच एक आकडा छापलेला असतो: अँपिअर.

आपल्या भिंतीवरचे गोल छिद्रांचे सॉकेट १९३४ च्या ब्रिटिश मानकातून आले. लहान पाच अँपिअरचे, मोठे पंधराचे. इंग्लंडने १९४७ मध्ये चपट्या पिनांचे नवे मानक काढले. आपण गोल पिनाच ठेवल्या. त्याच वर्षी ६ जानेवारीला भारतीय मानक संस्था स्थापन झाली. १९८७ पासून तिचे काम भारतीय मानक ब्यूरो पाहतो. प्लग आणि सॉकेटसाठी मानक क्रमांक १२९३ आहे आणि त्यातील आजचे आकडे ६ आणि १६ आहेत. जुनी मंडळी अजून 'पंधराचा पॉइंट' म्हणतात, तो हाच.

१६ अँपिअर म्हणजे २३० व्होल्टवर सुमारे ३,६८० वॅट. दोन हजार वॅटचा गीझर जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो. सहाच्या सॉकेटमधून बारा अँपिअर वाहिले, तर उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. म्हणून या आकड्यामागे पितळेची जाडी, पिन घट्ट धरणारी पकड आणि न वितळणारे आवरण असावे लागते. ऑनलाइन मिळणाऱ्या काही स्वस्त बोर्डांवर '१६ अँपिअर' ठळक छापलेले असते, पण त्यांची वायर असते ०.७५ चौरस मिलिमीटरची, म्हणजे सहा अँपिअरच्या आसपासच्या कामाची. कोणत्याही देशाचा प्लग बसेल अशा सॉकेटमध्ये तर पिन सैल राहते. सैल जोडावर ठिणगी पडते आणि तिथेच प्लास्टिक काळे पडते.

पूर्वी दुकानदार ओळखीचा असे. माल परत न्यायचा म्हटले तर गल्लीच्या टोकाला जायचे. आता विक्रेता दिसत नाही, दिसतो तो फक्त आकडा. मार्च २०२५ मध्ये मानक ब्यूरोने दिल्लीतील एका मोठ्या ऑनलाइन कंपनीच्या गोदामावर छापा घातला, तेव्हा आयएसआय चिन्ह नसलेले गीझर, मिक्सर आणि इतर विजेचे सामान सापडले. नियम होता, चिन्हही होते. पाहणारा डोळा तेवढा नव्हता.

सराफाचे ते काम आता आपल्यालाच करायचे आहे. आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली 'सीएम/एल'ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो घातला की परवाना कोणाचा, कोणत्या मालाचा आणि चालू आहे की नाही, हे कळते. दोन मिनिटांचे काम आहे.

गणेशोत्सवात ते विशेष महत्त्वाचे. एका बोर्डावर रोषणाई, ध्वनिक्षेपक, पंखे आणि प्रसादाच्या दिवशी विजेची शेगडीही, आणि भोवती कापडाचा मंडप. सजावटीचा हिशेब मांडताना प्रत्येक उपकरणाचे वॅट लिहावेत, बेरजेला २३० ने भागावे आणि उत्तर बोर्डावरच्या व वायरच्या आकड्याशी ताडून पाहावे. शेगडीसाठी वेगळी लाइन घ्यावी. वर्गणीच्या पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या आपल्या मंडळांना हा हिशेब जड जाऊ नये.