पोरक्या मोटारी: बीड जिल्ह्यातील जुन्या गाड्यांच्या व्यवहाराचा मागोवा

बीड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, परळी वैजनाथ येथे, निजामाच्या काळातच रेल्वे पोहोचली असली, तरी जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या बीड शहरात पहिली प्रवासी गाडी धावायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावे लागले. त्यामुळे आष्टी-पाटोद्यापासून माजलगाव-केजपर्यंतचे दळणवळण विसावे शतकभर रस्त्यावरच अवलंबून राहिले. निजामाच्या राज्यात सरकारी मोटारसेवा १९३२ मध्ये अवघ्या २७ बसगाड्यांनिशी सुरू झाली आणि मराठवाड्याची सेवा पुढे १९६१ साली एस.टी. महामंडळात मिसळली. खाजगी मोटार मात्र डॉक्टर, वकील, अडत व्यापारी अशा मोजक्या घरांपुरतीच होती.

या घरांना तेव्हा निवडीला फारसा वाव नव्हता. परवाना पद्धतीमुळे देशात हिंदुस्तान मोटर्सची अँबॅसेडर, प्रीमियरची फियाट आणि स्टँडर्डची हेराल्ड एवढ्याच मोटारी प्रामुख्याने मिळत, नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे आणि त्यामुळे वापरलेली चालू गाडी नव्याच्या भावातही हातोहात खपे. जुनी म्हणून स्वस्त, हे समीकरण आज स्वयंसिद्ध वाटते, परंतु टंचाईच्या त्या काळात ते लागूच नव्हते. १९८३ मध्ये मारुती आली, १९९३ मध्ये मोटारउद्योग परवानामुक्त झाला आणि त्यानंतरच जुन्या फियाटचे भाव खऱ्या अर्थाने उतरले.

फियाट बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केली. तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. पन्नासच्या दशकातील फुगीर पाठीच्या मॉडेलला मराठी माणसाने ‘डुक्कर फियाट’ म्हटले, तर १९६४ च्या ‘डिलाइट’चे सत्तरच्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ असे नामांतर झाले. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले आणि अँबॅसेडरचे मे २०१४ मध्ये. कागदोपत्री या गाड्या तेव्हा पोरक्या झाल्या, पण तालुक्याच्या गावात कंपनीचा आधार मुळातच दूर असल्याने तिथे फियाटचा खरा पालक मिस्त्रीच होता. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन, कार्ब्युरेटर आणि स्टेअरिंगच्या दांड्यावरचा गिअर ही सारी यंत्रणा उघड्या डोळ्यांना दिसणारी आणि पान्यांनी खोलता येणारी असल्यामुळे सिलिंडरला ‘बोअर मारून’, म्हणजे झिजलेले भोक थोडे मोठे करून त्यात मोठ्या मापाचे पिस्टन बसवून, इंजिन पुन्हा ‘बांधले’ जाई. उत्पादन थांबल्याने अशा गाडीचे मोल घटले खरे, आयुष्य मात्र फारसे घटले नाही.

घेणाऱ्याची पारखही त्याच यंत्रणेला साजेशी होती. इंजिन चालू ठेवून तेल भरण्याचे झाकण उघडले असता तिथून धूर भसाभसा येऊ लागला, तर गाडी ‘बॅक कॉम्प्रेशन मारते’, म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजून दाब खालच्या बाजूला निसटतो, असे निदान होई. पायाखालची चटई उचलून पत्रा गंजला आहे का हे पाहिले जाई. कागदपत्रांची पारख याहून किचकट होती. चेसिसवर कोरलेल्या क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासायची आणि उमटलेला ठसा आरसी बुकाशी ताडून पाहायचा, मग इसार द्यायचा, आणि गाडी दुसऱ्या जिल्ह्यातील असेल तर तिथल्या परिवहन कार्यालयाचा ना-हरकत दाखला आणून ती बीडच्या एमएच-२३ किंवा अंबाजोगाईच्या एमएच-४४ कार्यालयात नावावर चढवायची, असा हा क्रम. कोऱ्या हस्तांतर अर्जावर विक्रेत्याची सही घेऊन गाडी नावावर न करताच वापरत राहण्याची वाईट खोड या व्यवहाराला जडली, आणि अपघात झाला की नोटीस गाडी विकून मोकळ्या झालेल्या मूळ मालकाच्या दारात येऊन पडे.

पुढच्या पिढीतील पोरक्या गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. कोरियन देवू कंपनीची मॅटिझ १९९८ मध्ये भारतात आली, २००० साली मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली. मॅटिझचीच सुधारित आवृत्ती २००७ मध्ये जनरल मोटर्सने शेवरोले स्पार्क या नावाने आणली आणि २०१७ च्या अखेरीस जनरल मोटर्सनेही भारतातील विक्री आवरली, म्हणजे एकाच घराण्याची गाडी दोनदा पोरकी झाली. मॅटिझमध्ये कार्ब्युरेटरऐवजी इंधन मोजून फवारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा होती; तिचा सेन्सर बिघडला तर तो कानसून, वितळवून किंवा दुसऱ्या गाडीचा जुळवून घेऊन भागत नाही. फियाटच्या काळातील कारागिरी इथे तोकडी पडते, आणि म्हणून मॅटिझ पद्मिनीहून बरीच तरुण असूनही तिचा भंगाराकडचा प्रवास जलद झाला.

सरकारी नियमांनीही अलीकडे हा हिशेब बदलला आहे. पंधरा वर्षांनंतर खाजगी मोटारीची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. त्याचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झाले आणि वीस वर्षांपुढील मोटारीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० वर गेले, पर्यावरण कर निराळाच. मुंबईच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेल्या अखेरच्या पद्मिनी टॅक्सीला वीस वर्षांच्या मर्यादेमुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्ता सोडावा लागला, तेव्हा वृत्तपत्रांनी तिला निरोप दिला. खाजगी पद्मिनीला ही मर्यादा लागू नाही. तिने तपासणी पार केली आणि शुल्क भरले की आरसी बुकावर आणखी पाच वर्षांची मुदत चढते.