गिऱ्हाईक आणि ग्राहक : उपनगरातल्या सायकलच्या दुकानाचा इतिहास

आयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, ‘सायकलचं दुकान’. पलीकडे जरा शांतता पसरली. तत्त्वज्ञानाच्या माणसाकडून त्यांनी काहीतरी भारदस्त अपेक्षिलं असावं. तर त्यांच्या समाधानासाठी सुरुवात भारदस्त करतो, मग आपण दुकानात जाऊ.

ग्राहक हा शब्द घ्या. आमच्या शास्त्रात तो बाजारातला नाही. वसुबंधूच्या विज्ञानवादात ‘ग्राह्य’ आणि ‘ग्राहक’ अशी जोडी येते. जे जाणलं जातं ते ग्राह्य, जो जाणतो तो ग्राहक. याच शब्दाचं बोलीत गिऱ्हाईक झालं, आणि मराठीनं त्याला काय दिवस दाखवले बघा. ‘त्याचं चांगलंच गिऱ्हाईक केलं’ म्हणजे चारचौघांत त्याची टर उडवली. जाणणारा कुठे आणि टर उडवून घेणारा कुठे! सायकलच्या दुकानात ही दोन्ही टोकं मी पाहिली आहेत.

आज अंधेरी, घाटकोपर, बोरिवली, मुलुंड म्हणजे मुंबईच. पण अंधेरी-घाटकोपर महापालिकेच्या हद्दीत आली 1950 मध्ये आणि बोरिवली-मुलुंड 1957 मध्ये. वस्ती पसरलेली, बस मोजक्या. आग्रा रोडवर, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर, कारखान्यांची रांग उभी राहत होती. स्टेशन ते कारखाना आणि चाळ ते स्टेशन हे अंतर कामगार सायकलने कापत. पाळी सुटली की रस्ताभर घंट्या. त्यामुळे दर नाक्याला सायकलचं दुकान होतं, आणि ते वाण्याच्या दुकानाइतकंच गरजेचं होतं.

सायकली आधी विलायती असत : रॅले, हंबर, बीएसए, हर्क्युलिस. मुंबईची स्वतःचीही सायकल होती, हे आता कुणाला आठवत नाही. वरळीची हिंद सायकल्स. 1949 मध्ये मद्रासला टी. आय. सायकल्स आली, 1951 मध्ये सोनीपतला अ‍ॅटलास, 1956 मध्ये लुधियान्याला हिरो. वरळीचा कारखाना आजारी पडला, 1980 च्या कायद्यानं सरकारनं ताब्यात घेतला आणि पुढे बंदच झाला.

पण माझा विषय कारखाना नाही, काउंटर आहे. किंबहुना तिथे काउंटर नव्हतंच. फळकुटाची पायरी, तेलानं काळी झालेली जमीन, छताला टांगलेले टायर आणि पाण्याचं घमेलं. नवी सायकल तयार मिळत नसे. फ्रेम, रिंगा, तारा, सीट, टायर, सगळे सुटे भाग तुमच्यासमोर जोडले जात. याला फिटिंग म्हणत. फिटिंगला दोन-तीन तास लागत आणि शहाणं गिऱ्हाईक तेवढा वेळ स्टुलावर बसून राही, कारण उठलात तर टायर बदलला जाईल ही भीती. मालक चहा मागवी, आपण चहा प्यायचा आणि नजर हलवायची नाही. आता याला विश्वास म्हणायचं की अविश्वास? मला वाटतं दोन्ही. पण परिणाम असा व्हायचा, की सायकल घरी येईपर्यंत तिचा नट न् नट तुम्हाला माहीत असे. वसुबंधूच्या अर्थानं तुम्ही ग्राहक झालेले असायचात.

दुरुस्तीचंही तेच. ट्यूब घमेल्यात बुडवली की बुडबुडे तुम्हालाही दिसत. कानशीनं घासणं, सोल्यूशन लावून फुंकर मारणं, ठिगळ दाबणं, काहीही आड नव्हतं. दोन पंक्चर निघाली तर दोन दिसत. (एखादा कारागीर हातातल्या टोच्यानं तिसरं करी, तो भाग वेगळा.) वर्षातून एकदा सायकल ‘ओव्हरऑइल’ला जाई. मूळ शब्द ओव्हरहॉल, पण छर्रे काढून रॉकेलमध्ये धुऊन पुन्हा ग्रीस भरतात म्हटल्यावर लोकांनी त्यात तेल घातलं. योग्यच केलं. हवा मात्र फुकट. पंप बाहेर ठेवलेला, आपली आपण भरायची.

आणि भाड्याची सायकल. माझ्या लहानपणी घाटकोपरला तासाला चार आणे होते. दशमान पैसे येऊन वर्षं झाली तरी चार आणेच म्हणायचे. वहीत नाव आणि वेळ लिहायची. पण वहीच्या आधी एक प्रश्न असे : ‘कुणाचा रे तू?’ माझे वडील शाळेत मास्तर, म्हणून माझं उत्तर सोपं होतं. असल्फाच्या टेकडीवरच्या मुलांना ते सोपं नव्हतं. त्यांना काहीतरी तारण ठेवावं लागे. मुलींना तर कुणी हा प्रश्न विचारायची वेळच येत नसे. त्या दुकानापाशी थांबतच नसत.

मी सातवीत असताना भाड्याची सायकल घेऊन गटारात गेलो. गुडघा फुटला, त्याचं काही नाही, पण मागचं चाक आउट झालं. दोन्ही पायांत धरून वाकवून पाहिलं, जमेना. तशीच संध्याकाळच्या गर्दीत आणून रांगेत लावली आणि पैसे दिले. दुकानदारकाका इतरांची सायकल परत घेताना चाक उचलून फिरवून बघत. माझं कधीच बघत नसत. ओळख होती ना! दुसऱ्या दिवशी तीच सायकल टेकडीवरच्या एका मुलानं नेली. तारण म्हणून बापाचं घड्याळ दिलं होतं. परत आला तेव्हा काकांनी चाक फिरवलं. ते फ्रेमला घासत होतं. नव्या रिंगेचे पैसे आणेपर्यंत घड्याळ मिळणार नाही, असं त्याला सांगितलं. मी तिथेच पंपानं हवा भरत होतो. काका माझ्याकडे वळून म्हणाले, ‘बघितलंस, मास्तरांच्या मुला? म्हणून यांना सायकल देऊ नये.’ मी हवा भरत राहिलो.

म्हणून कुणी जुन्या दुकानातल्या आपुलकीबद्दल गहिवरून बोलू लागलं की मी सावध होतो. आपुलकी खरी होती. पण तिला दार होतं, आणि आत कोण, बाहेर कोण हे ओळखीवर ठरे.

ओळख नसलेल्या माणसाला बाजारात उभं राहता यावं यासाठी काय लागतं? बिल लागतं आणि कायदा लागतो. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं. 1975 च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत निघाली. घरांचे गट करून महिन्याचं सामान एकत्र आणायचं, वजन आणि भाव आपण तपासायचे. 24 डिसेंबर 1986 ला ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि ‘सेवेतील त्रुटी’ हा शब्दप्रयोग आपल्या तोंडी आला. गंमत म्हणजे त्या कायद्यानं फुकट दिलेली सेवा व्याख्येतून वगळली. म्हणजे काकांच्या पंपाची हवा ही कायद्यानं सेवाच नव्हे!

याच काळात दुकानांतून एक पाटी फार दिसू लागली. गांधीजींच्या नावाची. ग्राहक हा आपल्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा, तो आपल्यावर अवलंबून नाही, आपण त्याच्यावर आहोत, अशा आशयाची. तुम्ही बँकेतही पाहिली असेल. गांधीजींच्या समग्र वाङ्मयात हे सापडत नाही. याच्याशी मिळताजुळता मजकूर 1941 मध्ये अमेरिकेत छापलेला आढळतो, स्टुडबेकर या मोटार कंपनीच्या विक्रीप्रमुखाच्या नावावर. मोटार विकणाऱ्याचं वाक्य आपण सायकलच्या दुकानात महात्म्याच्या तोंडी घातलं. असो.

मग दुकान काचेचं झालं. गिअरच्या परदेशी धाटणीच्या सायकली 2005 च्या आसपास इथे सहज मिळू लागल्या, आणि आग्रा रोडवर भोंगे थांबले तिथे मॉल आले. काही वर्षांपूर्वी मी नातवासाठी अशीच एक सायकल घेतली. दुकानाचं नाव सांगत नाही. एसी होता, पक्कं बिल होतं, मला ‘सर’ म्हणाले, कुणाचा मी हे कुणी विचारलं नाही. हे मला आवडलं, खोटं कशाला बोलू. पंधरा दिवसांत सायकल पडली आणि गिअर अडकू लागला. त्यांनी तक्रार क्रमांक दिला. सायकल आतल्या खोलीत गेली. आत काय करतात ते दिसत नव्हतं. तीन आठवड्यांनी निरोप आला, मागचा सगळा गिअरसंच बदलावा लागेल, वॉरंटीत बसत नाही.

इथे मला रॉबर्ट पर्सिग आठवला. हा अमेरिकन लेखक काही काळ बनारस हिंदू विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकला. मोटारसायकलच्या देखभालीवरचं त्याचं पुस्तक 1974 मध्ये आलं. त्यात तो एका गॅरेजची हकिकत सांगतो. रेडिओ मोठ्यानं लावलेला, मेकॅनिक हसतखेळत काम करताहेत आणि त्याची गाडी दर खेपेला जास्तच बिघडवताहेत. शेवटी त्याला स्वतःला सापडलं, की एका क्षुल्लक पिनेमुळे तेल पोचत नव्हतं. त्याचा आक्षेप ते अडाणी होते असा नव्हता. त्यांचं कामात लक्ष नव्हतं, आपल्याच कामाचे ते प्रेक्षक झाले होते, असं त्याचं म्हणणं.

सायकल मी मुलुंडच्या एका फुटपाथवरच्या कारागिराकडे नेली. त्यानं मागचं चाक काढलं, फ्रेमला गिअर जिथे टांगलेला असतो तो अ‍ॅल्युमिनियमचा लहानसा तुकडा मला दाखवला. वाकला होता, बस. पान्यानं हळूहळू सरळ केला. दहा मिनिटं. पैसे मात्र त्यानं दणकून मागितले. बिल मागितलं तर हसला. ते जर नंतर मोडलं असतं तर मी कुणाकडे दाद मागणार होतो? आणि मॉलवाल्यांना मी बिल जोडून लेखी तक्रार केली तेव्हा त्यांनी तपासणीचे घेतलेले पैसे मुकाट्यानं परत केले. तेव्हा कुणाची बाजू घेऊ? कारागिराला सायकल कळत होती. मॉलमध्ये माझा हक्क मला कळत होता. दोन्ही एका दुकानात मला अजून मिळालेलं नाही.

2020 च्या टाळेबंदीत लोकल बंद होत्या, लोक सायकली शोधत होते, आणि त्याच 3 जूनला, जागतिक सायकल दिनी, अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना थांबला. वर्ष संपता संपता मेट्रोच्या जागृती नगर स्थानकापाशी सायकली पुन्हा तासावर मिळू लागल्या. हे स्थानक असल्फाला लागूनच, म्हणून मी मुद्दाम गेलो. फोनमधल्या अ‍ॅपमध्ये नंबर टाकायचा, पैसे भरायचे, कुलूप उघडतं. कुणाचा तू, असं अ‍ॅपनं विचारलं नाही. टेकडीवरून उतरणाऱ्या पोरालाही विचारत नसणार. फोन हवा आणि त्यात पैसे हवेत, एवढंच. माझ्यापुढे दोन मुली होत्या, त्या सायकली काढून गेल्यासुद्धा. मी निघण्यापूर्वी मागचं चाक उचललं आणि फिरवून बघितलं. सरळ होतं.