अमळनेर की आळंदी

शंभर वर्षांपूर्वी खानदेशातल्या बोदवडकडच्या एखाद्या तरुणाने धर्मविद्येतच आयुष्य घालवायचे ठरवले असते, तर त्याच्यापुढे दोन नव्या वाटा होत्या. एक जिल्ह्यातलीच: अमळनेरला गिरणीमालक प्रताप शेठ यांनी 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभारले. दुसरी आळंदीची: तिथे 1917 मध्ये विष्णुबुवा जोगांनी वारकरी शिक्षण संस्था काढली. वेदान्त दोन्हीकडे होता. पण अमळनेरला विद्यावेतन, राहण्याची सोय आणि वाद घालायला तोलामोलाची माणसे. आळंदीला चार वर्षांचा अभ्यास आणि पोटासाठी माधुकरीची झोळी. असे असूनही खेड्यापाड्यांतून आळंदीचा ओघ वाढत गेला, आणि अमळनेरची वास्तू पुढे बरीच शांत झाली. याचे कारण अभ्यासक्रमाच्या उंचीत सापडत नाही. शिकून बाहेर पडलेल्याची वाट कोण पाहत होते, यात ते सापडते.

अमळनेरला कमी लेखण्याचे मात्र काहीच कारण नाही. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा तत्त्वज्ञ तिथे होता. तिथल्याच मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी मिळून लिहिलेला ‘अज्ञान’ हा ग्रंथ 1933 चा. अविद्या म्हणजे नेमके काय, यावर तीन बुद्धिमान माणसे एकाच ग्रंथात आपापली बाजू मांडतात, हे दृश्य कापसाच्या गावात घडत होते! पण चर्चा इंग्रजीत, नियतकालिक इंग्रजीत, आणि प्रवेशासाठी आधी पदवी हवी. शेतकऱ्याच्या मुलाला ते दार उंबऱ्याआधीच बंद झाले. कोणी म्हणेल, विद्येचे मोल गिऱ्हाइकांवरून ठरवायचे का? नाही. मूर्तींचा माध्यमिक बौद्ध दर्शनावरचा 1955 चा ग्रंथ आजही अभ्यासकांना टाळता येत नाही, आणि त्या घडणीत अमळनेरचा वाटा आहे. पण मूर्तींबरोबर ते फळ बनारसला गेले, खानदेशात राहिले नाही. साने गुरुजीही तत्त्वज्ञान मंदिरात आले होते. 1924 मध्ये ते तिथल्याच प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले, आणि खानदेशाने त्यांना ओळखले ते त्यानंतर.

आळंदीच्या विद्यार्थ्याचे काम आधीच ठरलेले होते. बोदवडच्या उत्तरेला कोथळी-मुक्ताईनगर. आषाढीसाठी मुक्ताईची पालखी तिथूनच पंढरीला निघते. या टापूत हरिनाम सप्ताह बसला की कीर्तनकार लागतोच, शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन लागतेच. म्हणून ज्ञानेश्वरी, गाथा, अमृतानुभव यांचे पाठांतर हे निव्वळ घोकणे नव्हते. एक अभंग निरूपणाला घेऊन कीर्तनकार उभा राहतो आणि मुद्दा पटवायला संतवचनाचे प्रमाण देतो. पहिला शब्द त्याच्या तोंडून निघतो न निघतो तोच मागचे टाळकरी ओळ उचलतात. चुकीचे प्रमाण दिले तर ते समोर बसलेल्या म्हाताऱ्या माळकऱ्याच्या लगेच लक्षात येते. इतकी कडक परीक्षा विद्यापीठातही क्वचितच होत असेल. पाठांतराने चिकित्सा मरते, असा आक्षेप घेतला जातो आणि तो अगदीच पोकळ नाही. तीच प्रमाणे, तेच दृष्टान्त वर्षानुवर्षे फिरवणारे कीर्तनकार कमी नाहीत. तरी जोग महाराजांच्याच शिष्यांतले सोनोपंत दांडेकर पुण्याच्या स. प. महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य होते, आणि कीर्तनाला उभे राहताना त्यांना वर्गातली तर्कबुद्धी बाजूला ठेवावी लागली नाही. दोन वाटा एका माणसात मिळू शकत होत्या. त्यासाठी पुणे लागले, हेही तितकेच खरे. दुसऱ्या आक्षेपाला मात्र उत्तर नाही. जोगांच्या त्या वर्गात शेतकऱ्याचा मुलगा बसू शकला, पण ज्या प्रदेशात मुक्ताईच्या नावाने दिंड्या निघतात तिथल्या मुलीला तिथे जागा नव्हती. तिला कीर्तन शिकायचे तर घरच्या वडीलधाऱ्यांकडून, नाहीतर मंदिरात मागे बसून, कानांनीच शिकावे लागले.