आधी मंच बदलला, मग प्रीसेट आला

गिटारच्या डिजिटल मॉडेलरचा इतिहास सहसा नकलेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. रोलंडचा व्हीजी-८ (१९९५), लाइन ६ चा पॉड (१९९८), फ्रॅक्टल ऑडिओचा अ‍ॅक्स-एफएक्स (२००६) अशी यंत्रे येत गेली आणि व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा आवाज अधिकाधिक हुबेहूब उतरू लागला. हे खरे आहे, पण अपुरे आहे. पायाने कळ दाबताच हवा तो टोन हजर करणारा प्रीसेट मंचावर रुजला, कारण श्रोत्यांपर्यंत आवाज पोहोचवण्याचे काम तोवर अ‍ॅम्पकडे उरले नव्हते.

१९६५ च्या सुमारास ते काम अ‍ॅम्पचेच होते. लंडनमध्ये जिम मार्शलने पीट टाउनशेंडसारख्या वादकांच्या मागणीवरून १०० वॅटचे अ‍ॅम्प बनवले. १९६५ मध्येच न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ५५ हजारांवर श्रोत्यांपुढे बीटल्स १०० वॅटच्या व्हॉक्स अ‍ॅम्पवर वाजले. व्हॉल्व्हना पुरता ताण दिल्याशिवाय तो भरदार, फाटका टोन मिळत नसे. त्यामुळे टोन हवा तर गोंगाटही पत्करावा लागे. पुढे श्रोत्यांसाठीच्या ध्वनिवर्धक (पीए) यंत्रणा मोठ्या झाल्या, कॅबिनेटसमोर माइक आला आणि मंचावरचा मोठा आवाज अडचणीचा ठरू लागला. बोस्टन बँडच्या टॉम शोल्झने १९८२ मध्ये आणलेल्या रॉकमन या छोट्या उपकरणातून तयार टोन थेट हेडफोनमध्ये मिळू लागला. १९८३ च्या मिडी या वाद्ये जोडणाऱ्या डिजिटल संकेतपद्धतीने १२८ क्रमांकांतून उपकरणाची मांडणी बदलण्याची सोय दिली. मॉडेलिंगपूर्वीच प्रीसेटची जमीन अशी तयार झाली होती.

यावर कोणी म्हणेल, स्वस्त आणि वेगवान चिप नसत्या तर हे सारे व्यर्थ होते. चिप हव्याच होत्या. पण केवळ नक्कल पुरेशी असती, तर घरी हळू आवाजात बांधलेला प्रीसेट मंचावरही तसाच चालला असता. तो चालत नाही. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवले होते की, हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो. म्हणून घरी वाढवलेला खर्ज मंचावर घुमतो, बास आणि बेसड्रमवर चढतो. तो कापला, मध्यम कंप्रतापट्टी उचलली, की गिटार बँडमधून स्पष्ट ऐकू येते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: प्रीसेट वादकाचा हात बांधतो. पण नीट बांधलेल्या प्रीसेटमध्ये गिटारचा व्हॉल्यूम उतरवला की टोन स्वच्छ होतो, पिकचा जोरही उमटतो. हरवते ते वेगळेच. कॅबिनेटच्या हवेने तार थरथरून लांबणारा सूर मंचावर वादकाच्या कानातल्या इअरफोनमध्ये सहजी मिळत नाही. मात्र हा तोटा नकलेतल्या उणिवेचा नाही, मंचावरच्या शांततेचा आहे. डिसेंबर २०१३ मध्ये अंटार्क्टिकावरील कार्लिनी तळावर मेटालिकाने अ‍ॅक्स-एफएक्स वापरून कार्यक्रम केला, तेव्हा श्रोत्यांनीही तो हेडफोनवरच ऐकला. अ‍ॅम्पचा मोठा आवाज तिथे चालणारच नव्हता. म्हणून प्रीसेटची खरी कसोटी मूळ अ‍ॅम्पशी तुलना करून लागत नाही. ती बँडसोबत, कार्यक्रमाच्या आवाजात आणि त्याच पीएवर लागते.