पुस्तकाची पेटी आणि चित्राचा पडदा

दूरदर्शनाने वाचनाची गोडी मारली, हा आक्षेप आता इतका रूढ झाला आहे की इतिहासाला साक्षीस बोलावण्याची गरज कोणास वाटत नाही. या बाबतीत बडोदे संस्थानाची साक्ष ऐकण्याजोगी आहे. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण राज्यभर सक्तीचे केले. परंतु शाळा सुटल्यावर हाती पुस्तक नसेल तर शिकलेली अक्षरे पुसली जातात, हे ओळखून १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले. ग्रंथालय नसलेल्या खेड्यांतून पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या फिरू लागल्या. विशेष हे की, याच ग्रंथालय खात्यात दृश्यशिक्षणाची शाखाही होती. जादूच्या कंदिलाची चित्रे आणि चित्रपट ती दाखवीत असे! पुस्तक आणि पडदा तेथे वैरी नव्हते.

भेद होता तो वेगळाच. पडदा ठरल्या वेळी उजळे आणि विझे; पुस्तक वाचकाच्या सवडीने चाले. आवडत्या पानाशी रेंगाळावे, कंटाळवाणे ओलांडावे, वाटल्यास मिटून स्वस्थ बसावे, ही मोकळीक म्हणजेच वाचनाचा आनंद होय.

बडोद्याच्या शेजारच्या खेडा जिल्ह्यात १९७५ साली पीज येथील केंद्रावरून दूरदर्शन खेड्यांत पोहोचले. तेव्हा संच सार्वजनिक जागी असे. पुढे तो घरोघर आला. पुस्तकाची पेटी मात्र त्याच्यामागून आली नाही. शाळेतले कपाटही बहुधा कुलुपात असते, आणि किल्ली सापडेपर्यंत मधली सुट्टी संपलेली असते.